शिरपा, तो डाग माझा आहे

शिरपा,

काल मठातले गुरुजी घरी आले होते. तुझ्या पहिल्या महिन्याला मठ एक पुस्तिका काढणार आहे, त्यात मीही चार ओळी लिहून द्यायच्या, असं म्हणाले. माझ्या नावाखाली काय छापायचं तेसुद्धा त्यांनी ठरवून आणलं होतं. 'महाराजांचे पूर्वाश्रमीचे स्नेही.' मी विचारलं, "गुरुजी, पूर्वाश्रम म्हंजे काय ओ?" ते म्हणाले, "म्हणजे महाराज मठात येण्याआधीचा काळ." मी म्हटलं, "तवा तो शिरपा हुता. मठात गेल्यावरबी शिरपाच हुता. मला न्हाय दुसरा कोन दिसला कधी." आमची हौसा आतून खाकरली, म्हणून तेवढ्यावर थांबलो.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. मी चौथी शिकलेला माणूस. पण रोज वाचनालयात बसून पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तुझं अक्षर म्हणजे वाळूवरनं कोंबडी गेल्यासारखं. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे निदान एका गोष्टीत मी वर होतो याची नोंद राहील.

गुरुजींनी त्यांचं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. चांगलं होतं. तू सगळ्यांच्या आधी उठायचास, पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसायचास, कुणाला तोडून बोलला नाहीस, सगळं खरं. पुढं आलं, 'महाराजांच्या उजव्या पायावर तपश्चर्येची खूण होती. भक्त त्या खुणेला हात लावून तो डोळ्यांना लावत.' तिथं माझं डोकं फिरलं.

शिरपा, तो डाग माझा आहे.

ज्यांना आपलं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. उद्यमनगरात एका फौंड्रीत आम्ही दोघं ओतकामाला होतो. काळ्या वाळूचे साचे करायचे आणि भट्टीतला लोखंडाचा रस त्यात ओतायचा. रस न्यायच्या भांड्याला आम्ही लाडल म्हणायचो. ही लाडल दोघांची असते. मध्ये भांडं, दोन्ही अंगांना, म्हणजे बाजूंना, लांब दांडा. एका बाजूच्या दांड्याला दोन शिंगं असतात. ती ज्याच्या हातात, तो पुढचा गडी. लाडल कधी कलती करायची, किती करायची, ते तो ठरवतो. दुसऱ्या बाजूला नुसता साधा दांडा. तो धरणाऱ्यानं पुढच्याच्या पावलाला पाऊल जुळवायचं आणि तोल सांभाळायचा. शिंगं कायम माझ्या हातात असायची, साधा दांडा तुझ्या.

खाली ठेवायचाही एक नेम होता. मागच्यानं विचारायचं, "टेकू?" पुढच्यानं लाडलमध्ये वाकून बघायचं. तळाला रस उरला असेल तर तो आधी वाळूतल्या चरात ओतायचा. भांडं पुरतं रिकामं झालं की मग म्हणायचं, "टेक." आणि दोघांनी एकदम खाली ठेवायची. एकानं आधी सोडली तर दुसऱ्याचं काही खरं नाही.

त्या दिवशी मला घाई होती. मैदानात कुस्त्या होत्या, आणि पहिली जोड चुकवायची नव्हती. तू विचारलंस, "टेकू?" आणि मी वाकून न बघताच म्हटलं, "टेक." तळाला रस होता. जमीन ओली होती, कारण मघाशीच वाळूवर पाणी मारलं होतं. लाडल टेकली ती थोडी कलली, रस ओलीवर सांडला आणि फटाक्यासारखा फुटला. माझ्या अंगावर एक थेंब आला नाही. तुझ्या पायात टायरच्या चपला होत्या. एक थेंब पट्ट्यातून आत गेला आणि तिथंच बसला.

मिस्त्री धावत आला. "कुनी टेक म्हटलं रं?" मी तोंड उघडायच्या आत तू खाली बसल्या बसल्या म्हणालास, "माझा हात सुटला, मिस्त्री." मग माझ्याकडं बघून डोळा मारलास. पाय जळत असताना डोळा मारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुस्त्या मात्र हुकल्याच, कारण तुला दवाखान्यात घेऊन मीच गेलो. वाटेत तू मलाच समजावत होतास, "असू दे रं, पुढच्या वर्साला बघू."

त्या डागाला पुढं लोक हात लावायला लागले. आलेल्या बाया पदर लावायच्या त्याला. मी भिंतीला टेकून हे बघायचो. हे माझं काम आहे बायांनो, मी भाजलाय त्याला, असं ओरडून सांगावंसं वाटायचं. तू मात्र प्रत्येकाला सांगायचास, "भट्टीचा हाय ओ." आणि त्यांना वाटायचं, भट्टी म्हणजे महाराज काहीतरी खोल बोलले. ते हात जोडायचे. तू माझ्याकडं असहाय्यपणे बघायचास, आणि तुझं हसू दाबलेलं मला दिसायचं.

दुसरी गोष्ट, मठ. मठ मी शोधला. हेही पुस्तिकेत आलं पाहिजे.

राधानगरीच्या वाटेवर टेकडीवरचा तो मठ तेव्हा चार पत्र्यांचा होता. प्रसादाच्या मोठ्या चुलीची जाळी मोडली होती, ती ओतून द्यायचं काम आपल्या फौंड्रीकडं आलं. मी साचा केला, जाळी ओतली आणि बसवायला मीच गेलो. जाळी बसवून झाल्यावर तिथले म्हातारे बाबा म्हणाले, "जरा बसा, सरबत येतंय." मी बसलो. शिरपा, तुला ठाऊक आहे, आपल्या कानात सुट्टीच्या दिवशीसुद्धा भट्टीला वारा घालणारा ब्लोअर चालू असायचा. जेवताना, झोपताना, देवळात. त्या ओसरीवर बसल्यावर तो बंद झाला. मला आधी वाटलं, कानाला काही झालं. मग पलीकडं ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं. मी किती वेळ बसलो कोण जाणे. सरबत कोमट झालं.

दुसऱ्या दिवशी लाडल धरल्यावर मी तुला हे सांगितलं. तू म्हणालास, "मलाबी न्हे की." मी नेलं. चुकलो का नेऊन? नऊ दिवस झाले, विचार करतोय.

मग दर सुट्टीला आपण जायला लागलो. बाबा फार बोलायचे नाहीत. वाती वळत बसायचे आणि आपल्यालाही कापूस द्यायचे. माझ्या वाती सरळ यायच्या, तुझ्या जाड-बारीक. बाबा माझी वात बाजूला ठेवायचे आणि तुझी दिव्यात घालायचे. तेव्हापासून माझ्या मनात ते सुरू झालं, बघ. तुला त्याचा पत्ताही नव्हता. तू आपला दिव्याकडं बघत बसायचास.

वर्षभरानं बाबा म्हणाले, "ऱ्हायाचं असलं तर ऱ्हावा. पन घरात विचारून या, आन् कामावर रीतसर सांगून या. पळून आलेला मानूस हितंबी पळतच असतो."  परत येताना एसटीतून उतरलो तसा तू म्हणालास, "गणपा, तू जाणार असलास तर मीबी." मी म्हटलं, "दोघंबी जायचं. एकदमच टेकायची." हे मी म्हटलं होतं, मीच.

तुला विचारायला होतं कोण? भाऊ-भावजय. भाऊ म्हणाला, "शिरप्या, जेवायला येत जा मधनं मधनं." झालं. मला हौसा होती, दोन पोरी होत्या. मी दोन दिवस मनात जुळवाजुळव केली. ती रडेल, पाय धरेल, पोरींना पुढं करेल, मग मी काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं. मग एकदा ती गोठ्यात धार काढत होती तेव्हा सांगितलं. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "जायाचं असलं तर जावा. म्हशी हायत्या, मी हाय, पोरी काय उपाशी मरत न्हाईत्या. खरं महिन्याभरानं परत येऊन चूक झाली म्हनायचं न्हाय. जानार असला तर ठाम जावा." आणि बादली उचलून डेअरीकडं निघून गेली.

मला काय वाटलं सांगू? आज पहिल्यांदा लिहितोय. मला राग आला. मी जातो म्हटल्यावर माझ्या घरात एक भांडंसुद्धा पडलं नाही.

पण जायचं पक्कं होतं. टाइमकीपरकडून दोन अर्ज लिहून घेतले, एक माझा, एक तुझा. दोन्ही मी खिशात ठेवले, कारण मालकाशी बोलायचं काम माझंच. तू वाळूच्या ढिगाजवळ उभा राहिलास. मी केबिनमध्ये गेलो.

आत काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक.

मी तुझा अर्ज पुढं ठेवला. मालकांनी वाचला, मान हलवली. म्हणाले, "शिरपा चांगला गडी हाय. जाऊ दे, देवाच्या कामाला कोन अडवनार." मी माझा काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात ते म्हणाले, "बरं झालं आलास. मिस्त्री आता थकलाय. त्याच्या जागी तुला घ्यायचं म्हनतोय मी. बघशील का?" आणि पॅटर्नच्या खोलीची किल्ली टेबलावरून माझ्याकडं सरकवली. साच्यांचे लाकडी नमुने ठेवायची ती खोली, जिथं आपल्याला दारातून आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. माझा हात खिशात होता, शिरपा. अर्जाचा कागद बोटांना लागत होता. मी हात बाहेर काढला, आणि किल्ली उचलली.

बाहेर आलो तर तू विचारलंस, "दिलास?"

"तुझा दिला."

"आन् तुझा?"

"हौसा नको म्हनाली."

बघ, किती चटकन आलं तोंडातून. आधी ठरवलेलंही नव्हतं. तू माझ्या मुठीकडं बघितलंस. किल्ली मोठी होती, मुठीबाहेर आलेली. मग म्हणालास, "मग मीबी थांबतो." मी म्हटलं, "तू कशाला थांबतोस खुळ्या? तू हो पुढं. पोरींची लग्नं झाली की मी आलोच." तू म्हणालास, "आलोच म्हनतोस, ये मग." त्या दिवशीचं ओतकाम आपण दोघांनी केलं. शेवटची लाडल रिकामी झाली, तू विचारलंस, "टेकू?" मी नीट वाकून बघितलं आणि म्हटलं, "टेक." तू हात पुसलेस आणि गेलास.

मी मिस्त्री झालो. चांगला मिस्त्री झालो, हे कुणालाही विचार. मूठभर वाळू दाबून मोडली की सांगायचो, हिच्यात पाणी जास्त आहे, माल पोकळ येईल. कधी चुकलो नाही. खुर्ची होती, माणसं नमस्कार घालायची. पोरींची लग्नं झाली. तरी दर महिन्याला एसटीनं तुझ्याकडं यायचो, ते कशाला यायचो, आता विचार करतो. तू सुखी नाहीस हे बघायला यायचो. देव साक्ष आहे. पहिली दोन वर्षं मी वाट बघितली की हा कंटाळेल, परत येईल, मी त्याला पुन्हा कामावर लावून घेईन आणि वर चार शब्द सुनावीन. तू काही कंटाळला नाहीस. माझ्याच जाळीवर भात शिजवत बसलास. दर खेपेला मी आधी चुलीपाशी जायचो आणि जाळी वाजवून बघायचो. तडा नाही. मग तुझ्याकडं बघायचो. तुलाही नाही.

माझे केस गेले, तुझे पांढरे का होईना, राहिले. मला साखर झाली, तू गूळ खायचास. मला झोप लागायची नाही, आणि तू पंगत उठल्यावर तिथंच पोत्यावर आडवा होऊन घोरायचास. एकदा मी तुला विचारलं, "सांग खरं, काय मिळालं तुला?" तू बराच विचार केलास. म्हणालास, "सकाळी आपोआप जाग येती." मी म्हटलं, "एवढंच?" म्हणालास, "आन् भट्टीपुढं उभं ऱ्हायाला लागत न्हाय. उन्हाळ्यात लई बरं वाटतं." मला वाटलं, हा मुद्दाम लपवतोय. मोठं काहीतरी मिळालंय आणि मला दाखवत नाही. मी चिडून म्हटलं, "तू पळालास. कामाला भिऊन पळालास." तू म्हणालास, "असंल बाबा." आणि भाताचं झाकण उघडलंस. तुझ्याशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती. ते भांडण तसंच राहिलं. माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

हौसा दर खेपेला तुझ्यासाठी मिरचीचा खरडा द्यायची. मठात तिखट चालत नाही. तू डबी घेऊन लाकडांच्या मागं जायचास आणि भाकरीच्या तुकड्यावर घेऊन खायचास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. लोक समजायचे, महाराज एकांतात आहेत. मी एकदा हौसाला म्हटलं, "त्याला खरडा कुटताना शेंगदाणं जास्त घालतीस." ती म्हणाली, "तुमच्या ताटातला मोजून बघा की." त्यातही मी मोजमाप केलं, बघ.

फक्त एकदा तू मला बरं वाटेल असं बोललास. मी कामावरून तसाच आलो होतो, कपडे न बदलता. तू जवळ आलास आणि माझ्या सदऱ्याचा वास घेतलास. "काळी वाळू," म्हणालास. मग थोड्या वेळानं, "गणपा, रस पडताना बघावंसं वाटतंय रं कधी कधी." त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. कामावर भट्टीचं तोंड फोडलं की लाल धार बघत उभा राहायचो आणि मनात म्हणायचो, हे शिरपाकडं नाही.

पुढं फौंड्रीत साचे करायची मशीन आली. मालकाच्या मुलानं मला शाल आणि नारळ दिला. किल्ली परत घेतली. तेव्हा तू स्वतः टेकडी उतरून माझ्या घरी आलास. म्हणालास, "चल की आता. खोली रिकामी हाय. दोघं बसू वाती वळत." मी काय म्हणालो? "गुडघं दुखतात. टेकडी चढवत न्हाय." आणि पुढच्याच महिन्यात टेकडी चढून आलो. तू भात वाढलास. तोवर सगळा मठ तुला महाराज म्हणायला लागला होता. मी तिथं आलो असतो तर तुझ्या मागं चालायला लागलं असतं. आयुष्यभर शिंगं धरलेला माणूस मी. साधा दांडा धरणं मला जमलं नसतं. यायचं मनात होतं रे. नुसतं मनात होतं.

शेवटचं भेटलो तेव्हा तू दवाखान्यातून परत आणलेला, त्याच रिकाम्या खोलीत खाटेवर. खरडा आणला होता. तू बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलास आणि म्हणालास, "वैनीस्नी सांग, मीठ जरा कमी पडलंय." नाकात नळी घातलेला माणूस मिठावर बोलत होता. मग खोलीतली माणसं बाहेर गेली. तू डोळे मिटूनच म्हणालास, "गणपा, आता टेकू का?"

मला कळलं तू काय विचारतोस. आणि खरं सांगतो, दुःखाच्या आधी राग आला. इथंही तू पुढं? मी फटकन म्हटलं, "न्हाय. लाडल रिकामी झाली न्हाय अजून."

तू डोळे उघडलेस. हसलास. म्हणालास, "माझ्या अंगाची झालीया. तुझ्या अंगाचं काय उरलं असंल तर ओत की. मी धरतो तवर."

मला काही समजलं नाही. म्हातारा बरळतोय म्हटलं. "गप झोप," म्हणालो, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो. परवा येतो म्हणालो. परवा आलो तर ओसरीवर माणसं बसलेली.

खांदा द्यायच्या वेळी सगळे मला पुढं व्हा म्हणाले. मी मागं गेलो. पुढच्या पोरांच्या पावलाला पाऊल जुळवत टेकडी उतरलो. अवघड असतं रे ते काम. आपल्याला काही दिसत नाही, नुसतं पुढच्याच्या पाठीवर भरवसा ठेवून चालायचं. इतकी वर्षं तू चाललास.

घरी आल्यावर हौसानं चहा ठेवला. मी म्हटलं, "बरळत हुता शेवटी. तुझ्या अंगाचं ओत म्हनला." ती स्टोव्हकडं तोंड करून उभी होती. म्हणाली, "बरळत नव्हतं ते."

मग तिनं सांगितलं. तू काम सोडल्यावर त्याच आठवड्यात आमच्याकडं जेवायला आला होतास. मी मागं हात धुवायला गेलो तेव्हा तू तिला विचारलंस, "वैनी, गणपाला का अडवलासा?" हौसा म्हणाली, "मला तवाच कळलं, तुमी माझ्यावर ढकललंय म्हनून. मी म्हटलं, पोरी ल्हान हायत्या, म्हनून नको म्हटलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आन् हासलं. म्हनालं, वैनी, तुमास्नी खोटं बोलाय येत न्हाय. ऱ्हाऊ दे. त्याला कळू देऊ नका. तो सांगंल कधीतरी."

"आन् तू इतकी वर्सं गप बसलीस?"

"बसलो गप. तुमी सांगताय का बघत बसलो. ते वर बघत बसलं, मी हितं."

चहा उतू गेला. तिनं पुसला नाही.

शिरपा, माझ्या रागाची कल्पना कर. तुम्ही दोघांनी मला सांभाळून घेतलंत, न विचारता. मी इतकी वर्षं तुझ्यावर जळलो. तुझ्या झोपेवर, केसांवर, डागावर, खरड्यावर. आणि तू माझं खोटं माहीत असून दर महिन्याला माझ्यासाठी भात राखून ठेवायचास. मला भांडायला काय शिल्लक ठेवलंस? वाळूच्या ढिगाजवळच विचारायचं होतंस, "गणप्या, खोटं बोलतोस व्हय रं?" मी दोन शिव्या दिल्या असत्या, तू दोन दिल्या असत्यास, आणि कदाचित मी दुसरा अर्ज द्यायला परत आत गेलो असतो. कदाचित नसतोही गेलो. मला किल्ली हवी होती. हौसाचा काही संबंध नाही. ती जा म्हणाली होती. मला मिस्त्री व्हायचं होतं आणि मी झालो, आणि मला ते आवडलंही. एवढंच आहे.

गुरुजी, हे सगळं छापायचं. डागाचं वाक्य काढून टाका, आणि त्या जागी लिहा की गणपानं न बघता टेक म्हटलं होतं. 'पूर्वाश्रमीचे स्नेही' खोडा आणि 'पुढचा गडी' असं घाला. फार जागा लागत नाही.

हे लिहिलेलं मघाशी हौसाला वाचून दाखवलं. ती म्हशीला पाणी दाखवून आली होती, उंबऱ्यावर बसून ऐकलं. शेवटी म्हणाली, "मीठ कमी न्हवतं पडलं." आणि पदरानं तोंड पुसलं.

तेवढंच उरलं होतं माझ्या अंगाचं, शिरपा. ओतलं. आता वाकून नीट बघितलं, तळाला काही नाही. सांगायचा मान माझाच आहे, तो मी तुला देणार नाही.

टेक.